लॉजच्या रजिस्टरमधला 'येण्याचं कारण' हा रकाना

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यात, ४४ नंबरच्या हायवेला लागून (आमचे म्हातारे अजून सात नंबरच म्हणतात) असलेल्या एका तालुक्याच्या गावी मी लॉजच्या काउंटरवर बसतो. चार वर्षं झाली. 'हॉटेलात आहे' असं सांगायची सोय नाही, कारण आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, आलूबोंडा आणि तर्री-पोहा. माझ्या मावशीनं एकदा ऐकलं आणि दोन वर्षं साऱ्या नातेवाइकांत सांगत फिरली की पोरगा बी.कॉम. होऊन कपबश्या विसळून राह्यला.

खाली कृषी केंद्र, मोबाईलचं दुकान आणि एक किराणा. बाजूच्या जिन्यानं वर आलं की काउंटर. मागे चाव्यांची फळी, त्यावर बालाजीचा फोटो, कारण निम्मं गिऱ्हाईक पैनगंगेपलीकडून, तेलंगणातून येतं आणि मालकाला वाटतं की त्यांना बरं वाटतं. २२ खोल्या. साधी ५००, कुलरची ७००, एसी १२००. शिवाय एक हॉल, पाच पलंगांचा, पलंगामागे दीडशे. माझी पाळी रात्री ८ ते सकाळी ८. पगार नऊ हजार, जेवण आपापलं.

आमच्या रजिस्टरला अकरा रकाने आहेत. नाव, वय, कुठून आले, कुठे जाणार, सोबत किती, मोबाईल, आधार वगैरे. त्यातला सहावा रकाना 'येण्याचं कारण'. चार वर्षांत त्यात खरं लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं. नव्वद टक्के लोक 'कामानिमित्त' लिहितात. उरलेले 'खाजगी'. एकानं 'सहज' लिहिलं होतं. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आमच्या गावात सहज!

पण काउंटरवर बसणाऱ्याला कारण कळतंच. जूनमध्ये बियाणं-खतवाले. दिवाळीनंतर कापसाचे व्यापारी, जिनिंगचे मिस्त्री. मधेच बोअरवेलच्या गाडीवरची तमिळ पोरं, जी आल्याबरोबर बादल्या मागतात. कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, त्यातही जिंकणारा पक्ष एसी घेतो आणि हरणारा साधी. बँकेचे ऑडिटवाले, जे मॅनेजरच्या खर्चानं राहतात आणि बिल स्वतःच्या नावानं घेतात. पोलीस भरतीची पोरं, एका खोलीत दोघं म्हणून येतात आणि पहाटे चारला ग्राउंडवर जायला त्याच खोलीतून सात जण निघतात. ग्रामीण रुग्णालयात कोणाचं बाळंतपण असलं की बाप, सासरा, मेव्हणा. टिपेश्वर जवळ आहे, १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, वाघही दिसतात, पण वाघवाले आमच्याकडे येत नाहीत. ते सुन्ना गेटाकडे रिसॉर्टवर जातात. आमच्याकडे येतो तो माणूस फिरायला आलेला नसतो, त्याचं घरी जाणं हुकलेलं असतं.

आता मूळ गोष्ट. मालकाचा एक नियम आहे. आधार तालुक्यातला, माणूस एकटा, हातात सामान नाही: खोली द्यायची नाही. का, ते सांगायची गरज नाही. लॉजधंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एक जण आला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर, पायात रबरी चप्पल, हात मोकळे. "रूम हाये का भाऊ?" आधार पाहिला तर गाव आमच्यापासून बारा किलोमीटर. मी म्हटलं, रूम नाही. फळीवर नऊ चाव्या लटकत होत्या, त्यानं त्या पाहिल्या. काही बोलला नाही. जिन्याकडे वळला आणि कठडा धरून उभा राहिला.

मी म्हटलं, काका, बसा जरा, चहा सांगतो. बसला. कशासाठी आले, विचारलं. "काम होतं." काय काम? मग म्हणाला, "कापूस घेऊन आलो. गाडी लाईनीत लागली हाये परवापासून. पोरगं बसलं हाये गाडीजोळ. मले ताप भरला, थंडी सहन होऊन नाही राह्यली. घरी जाऊन वापस येनं परवडत नाही, लाईन गेली तं पुन्हा दोन दिवस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, १२ च्या पलीकडे गाडी परत. डिसेंबरच्या रात्रीचं दव पडतं, म्हणून माणूस ताडपत्री सोडून हलत नाही.

मी त्यांना हॉलमधला पलंग दिला, दीडशे घेतले, एक गोळी दिली. रजिस्टरमध्ये सहाव्या रकान्यात 'कापूस' लिहिलं. पहाटे पाचला पोरगा येऊन घेऊन गेला. सकाळी मालकानं रजिस्टर पाहिलं आणि तापला. "ह्याचं काही झालं असतं तं कोनाच्या गळ्यात आलं असतं?" पगार कापला नाही, पण चार दिवस बोलला नाही.

आता दोन प्रश्न. एक, ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिसला जागा आहे, सोळा हजार, राहणं-खाणं तिकडेच. जावं का? दुसरा, तुमच्यापैकी कोणी काउंटरवर बसलं असेल तर सांगा, 'रूम नाही' हे तुम्ही कशावरून ठरवता?

बियाणेवाला

भाऊ, मी काउंटरच्या या बाजूचा. महिन्यातून पंधरा रात्री लॉजवर. वाशीम, पुसद, उमरखेड, वणी, सगळीकडची गिझरं मला ओळखतात. तुमचा 'कामानिमित्त' लिहिणारा मीच.

खरं कारण का लिहीत नाही, सांगतो. जूनमध्ये मी 'बियाणे कंपनी' लिहिलं की सकाळी दारात चार शेतकरी. मागच्या वर्षी उगवलं नाही, आता बोला. काउंटरवरचा पोरगाच गावात सांगतो. म्हणून आता कामानिमित्त.

आणि तुमच्या लोकांना एक विनंती, चेकआउट चोवीस तासाचं की दुपारी बाराचं, हे चावी देताना सांगत जा. रात्री अकराला आलो, सकाळी बाराला दार वाजवतात, 'सायेब, दुसरा दिवस लागून राह्यला'.

बिनकामाचा

@बियाणेवाला, गिझर? आमच्या इथे तर "गरम पानी सहा ते सात, बादली घेऊन खाली या" असा बोर्ड आहे.

धागाकर्ते, परदेशी पाहुणा आला का हो कधी? त्यानं काय कारण लिहिलं?

रात्रपाळी

आला ना! मागच्या जानेवारीत. तो किस्सा वेगळाच आहे.

हा हायवे श्रीनगर ते कन्याकुमारी. थंडीत सायकलवाले जातात यावरून. पण ते दिवसा दिसतात आणि निघून जातात. हा एक गोरा संध्याकाळी सातला सायकलसकट जिना चढून वर आला. खाली लावायला तयार नव्हता. चाक पंक्चर, गुडघा खरचटलेला. दिवसपाळीच्या पोरानं त्याला आधार मागितला. त्यानं पासपोर्ट दिला. पोरानं पासपोर्ट उलटापालटा करून परत दिला आणि मला फोन केला, "दादा, लवकर ये, याचं आधार निळ्या पुस्तकात हाये."

मालक म्हणाला, फॉरेनर नको, लफडं आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की परदेशी माणूस ठेवला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाईन भरावी लागते, फॉर्म सी म्हणतात. पण त्यासाठी लॉजचं स्वतःचं लॉगिन लागतं, आणि ते जिल्ह्याच्या एसपी ऑफिसातून मंजूर होऊन येतं. आमचं नव्हतंच. २२ खोल्यांच्या लॉजला कोण सांगणार?

मी त्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. पीएसआय साहेब भले माणूस. पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स ठेवली, कोणत्या रस्त्यानं आला ते विचारलं आणि म्हणाले, आज राहू दे, पण उद्या मालकाला लॉगिनसाठी अर्ज करायला सांग. अर्ज अजून झालेला नाही, हे इथे लिहून ठेवतो म्हणजे मलाच लाज वाटेल.

कारणाच्या रकान्यात त्यानं एवढं मोठं लिहिलं की शेजारचे दोन्ही रकाने भरले. मला त्यातलं सायकल आणि फादर एवढंच लागलं. रात्री त्यानं तीन प्लेट तर्री-पोहा खाल्ला. डोळ्यांतून पाणी, तरी प्लेट पुढे करतोय.

वर्धेची काकू

किस्सा छान. पण मला तुमच्या नियमाबद्दल बोलायचंय. तुम्ही 'एकटा माणूस' म्हणताय, एकटी बाई आली की काय करता?

मी शाळेत होते, आता निवृत्त. बोर्डाच्या परीक्षेच्या ड्युटीवर दुसऱ्या तालुक्यात गेले होते. पेपर संपून गठ्ठे सील करून निघेपर्यंत शेवटची एसटी गेलेली. दोन लॉजवर 'फॅमिलीच ठेवतो' म्हणाले. तिसऱ्यावर पोरानं विचारलं, "काकू, सोबत कोणीच नाही?" मी ओळखपत्र दाखवलं, ड्युटीचा आदेश दाखवला. तो म्हणाला, "काकांना फोन लावा." लावला. त्यानं माझा फोन माझ्याच हातातून घेतला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "सायेब, देऊ का रूम?"

तेव्हा माझं वय ५३. चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारी बाई. ह्यांनी 'द्या' म्हटलं तेव्हा चावी मिळाली. रात्रभर झोप आली नाही, रागानं. त्या लॉजच्या रजिस्टरमध्ये कारण काय लिहिलं असेल, देव जाणे. मी स्वतःच्या हातानं लिहिते म्हटलं तर म्हणाला, राहू द्या, मी लिहितो.

रात्रपाळी

काकू, खोटं कशाला बोलू, मीही केलंय. पहिल्या वर्षी. एका एएनएम (सरकारी दवाखान्याच्या नर्स) ताईंना मी वडिलांना फोन लावायला सांगितला होता. त्या काही न बोलता खाली उतरल्या आणि स्टँडवर जाऊन बसल्या. ड्युटी संपवून मी सकाळी चहाला गेलो तर तिथेच होत्या. मला ओळखलं, पण तोंड फिरवलं नाही. तेच जास्त लागलं. तेव्हापासून एकट्या बाईला जिन्याजवळची, काउंटरसमोरची खोली देतो आणि प्रश्न विचारत नाही. मालकाला हे माहीत नाही.

दारव्ह्याचा वकील

कायद्याचं थोडं बोलतो, कारण काउंटरवर कायद्याच्या नावानं बरंच काही खपतं.

तालुक्यातला आधार असला तर खोली देऊ नका, असं कोणताही कायदा सांगत नाही. तो मालकांचा रिवाज आहे. तसंच एकट्या बाईचं. तसंच लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याचं. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ साली कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अविवाहित जोडप्यानं खोली घेण्याला मनाई करणारा कायदा नाही. आमच्याकडे मात्र काउंटरवरचा पोरगा मंगळसूत्र बघून आडनाव विचारतो.

ओळखपत्र घेणं, नोंद ठेवणं, पोलिसांनी मागितली तर दाखवणं, हे बरोबर. पण पॅन घेऊन उपयोग नाही, त्यावर पत्ता नसतो. आणि आधारची झेरॉक्स घेऊन ती गठ्ठ्यानं रद्दीत घालू नका. मास्क्ड आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मी एका गावात भजी ज्या कागदात घेतली त्यावर कोण्या गृहस्थाचा आधार होता, फोटोसकट. हसावं की रडावं.

परदेशी पाहुण्यांचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०२५ पासून त्याबद्दलचा नवा कायदा लागू आहे, १९४६ चा जुना गेला. पण माहिती कळवायची जबाबदारी तशीच लॉजवाल्यावर आहे. मालकाला सांगा, पुढचे पीएसआय भले असतीलच असं नाही.

अकोटवाला

मी मालक आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. अठरा खोल्या. वडिलांनी बांधल्या.

वकील साहेब, कायदा नाही हे मला माहीत आहे. नियम कुठून आला ते सांगतो.

पंधराएक वर्षं झाली. एक माणूस आला, एकटा, तालुक्यातलाच, हातात पिशवी सुद्धा नाही. काउंटरवर मीच होतो. सोयाबीन विकून आला असेल, उशीर झाला असेल, असं मनाशी धरलं आणि चावी दिली. रजिस्टरमध्ये 'कामानिमित्त' मीच लिहिलं, त्यानं नुसती सही केली. सकाळी दार उघडलं नाही.

पुढचं काही लिहीत नाही. पंचनामा झाला, जबाब झाले, ती खोली कित्येक महिने कोणी घेईना. पोरांनी तिचा नंबरच बदलला, आता तिथे स्टोअर आहे. ते सगळं मी विसरलो असतो. पण त्याचा मोठा भाऊ आला होता. तो भांडला नाही, ओरडला नाही. रजिस्टर मागितलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "तुमी त्याले विचारलं नाही का भाऊ, कायले आला म्हून?"

त्या दिवसापासून एकट्या लोकल माणसाला माझ्याकडे खोली नाही. तुमचा मालक तापला, तो उगाच नाही.

मोहफूल

अकोटवाले दादा, वाचून हात थांबला. पण एक विचारू का? त्या भावानं 'खोली का दिली' असं विचारलं नाही ना. 'विचारलं का नाही' असं विचारलं.

धागाकर्त्या दादाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते. मी मोहर्लीच्या बाजूच्या गावची, तीन वर्षांपासून रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवर. कोणता ते सांगत नाही.

पगार चांगला वाटतो, पण हे आधी विचारा. ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, चालू राहतो, पण पाहुणे निम्म्यावर येतात. त्या तीन महिन्यांत तुम्हाला पूर्ण पगार की अर्धा, की 'गावी जाऊन या'? आमच्याकडे पहिल्या वर्षी गावी पाठवलं होतं, बिनपगारी. माझं गाव तर कंपाउंडच्या पलीकडे. तिथून रोज रिसॉर्टचा दिवा दिसायचा. दुसरं, मंगळवारी पार्क बंद असतो. तुमची सुट्टी मंगळवारीच, सणवार विसरा. पोळ्याला तर पाऊसच असतो म्हणून मिळतो.

काम सांगते. पहाटे साडेचारला खोल्याखोल्यांना फोन. थंडीत जिप्सीत ठेवायला घोंगड्या, गरम पाण्याच्या पिशव्या, नाश्त्याचे डबे. एका जिप्सीत सहा पाहुणे. परमिटवरचं नाव आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे, तेही मूळ, झेरॉक्स नाही. रोज एक तरी जण गेटावरून परत येतो आणि माझ्यावर ओरडतो. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे कधी सहा-सहा मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये वाजत असतात. बायकोचा फोन, ऑफिसचा फोन, आणि एकदा एका साहेबांचा पहाटेचा अलार्म, 'उठा उठा हो सकळिक' चालू. बंद करता येईना, ड्रॉवरला कुलूप लावलेलं.

तुमच्या रजिस्टरमधला तो रकाना आमच्या कॉम्प्युटरमध्येही आहे. तिथे यादीतून निवडायचं असतं. आम्ही सगळ्यांचं एकच निवडतो. सगळे वाघासाठी येतात. चेक-इन करताना पहिला प्रश्न, "वाघ दिसेल ना?" जणू मी आत बांधून ठेवलाय. दिसला नाही तर नेटवर एक तारा देतात, खाली लिहितात 'स्टाफ ठीक'.

माझी आई मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाते. मेमध्ये तेंदूपत्त्याला. त्याच वेळी मी पाहुण्यांना जिप्सीत बसवत असते. आई निघताना माझ्याकडे बघून म्हणते, "तुझ्या पाव्हन्यायले दिसू दे, मले नको दिसू." आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दर वर्षी माणसं जातात वाघाच्या हल्ल्यात, पेपरात येतं ते तुम्ही वाचत असालच. पाहुणे पण वाचतात, आणि मग जास्त येतात.

या म्हणत नाही, नको म्हणत नाही. इंग्रजी बोलायची सवय होईल, टिप मिळते, कपडे इस्त्रीचे. पण इथे कोणाला ताप आला म्हणून पलंग द्यायची वेळ येत नाही.

शेगावचा

आमच्याकडचं सांगतो. भक्तनिवासाच्या काउंटरवर सेवेला होतो, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या गर्दीत. माघ वद्य सप्तमी. तिथे कारणाचा प्रश्नच नसतो, माऊलीच्या दर्शनाला आले हे धरलेलंच. पण तिथेही दर्शनाला न आलेली माणसं असतात. एका म्हाताऱ्या जोडप्याला मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, "पोराचा राग उतरेपर्यंत." मी दोन दिवस लिहिलं.

बियाणेवाला

@अकोटवाला, तुमचं वाचून मी माझी थट्टा मागे घेतो. पण बिलाचं विचारतोच. माझी कंपनी जीएसटी नंबर असलेलं बिल मागते, आणि लहान लॉजवाले वहीचं पान फाडून देतात. तुमचं काय?

अकोटवाला

आमचा नंबर नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही. अठरा खोल्या, निम्म्या रिकाम्या, हिशेब करा. ज्यांचा नंबर आहे त्यांचं सांगतो. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला आधी माफी होती, १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लावले. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला ५ टक्के. म्हणजे मोहफूल ताईंच्या रिसॉर्टमधली सात हजारांची खोली आणि पाचशेची खोली, टक्का एकच.

@मोहफूल, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. बरोबर आहे. त्यानं तसं विचारलं नव्हतं. पण माझ्या काउंटरवर आता बारावी पास पोरगा बसतो, दिवसभर मोबाईलमध्ये. त्याला 'नाही म्हण' एवढं शिकवता येतं. 'बसवून चहा पाज आणि विचार' हे कसं शिकवायचं? धागाकर्त्याला ते कोणी शिकवलं?

रात्रपाळी

कोणी नाही हो. ते काका कठडा धरून उभे होते म्हणून. सरळ उतरून गेले असते तर मी काही हाक मारली नसती, हेही खरं. नऊ चाव्या असून मी नाहीच म्हटलं होतं.

बिनकामाचा

मग ताडोब्याचं काय झालं?

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी उत्तर देतोय, माफ करा. सीझन आहे.

मंगळवारी जाऊन आलो. मोहफूल ताईंनी सांगितलेलं सगळं विचारलं. पावसाळ्यात अर्धा पगार म्हणाले, लिहून द्या म्हटलं तर मॅनेजरनं माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. मी बोललो, त्या सायकलवाल्याशी बोललो होतो तेवढंच. एप्रिलपासून या म्हणाले.

मालकाला सांगितलं. आधी गप्प. मग म्हणाला, कापसाचा सीझन होईस्तोवर थांब, अकरा हजार देतो. एप्रिलचं अजून ठरवलं नाही. आई म्हणते जा, मावशी म्हणते तिथं तरी कपबश्या धुवू नको.

अकोटवाल्या दादांची गोष्ट मालकाला मोबाईलवर वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाच नव्या चादरी आणल्या आणि म्हणाला, लाईनीतल्या गाड्यावाल्यायले दे, पन वही वेगळी ठेव, गाडीचा नंबर लिहीत जा. त्या रात्री चार जण आले. दोघांना सर्दी, एकाला दाढदुखी, एकजण नुसता झोपायला. पाचवा पलंग मी त्यांच्या ओल्या ताडपत्र्यांना दिला.

दारव्ह्याचा वकील

आणि फॉर्म सी चं लॉगिन?

रात्रपाळी

अर्ज गेला. मालकाच्या नावानं, पण ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो.